टाकीतला फ्लोट

आकांक्षा,

१९७९ साली तुझ्या आजोबांनी जीपच्या टाकीत ट्रॅक्टरचा फ्लोट, म्हणजे इंधनाची पातळी मोजणारा तरंगा, बसवला. इंधनाच्या मीटरचा काटा उलटा चालू लागला, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझी नणंद उषा हिला कळा सुरू झाल्या म्हणून जालन्याला निघालो, तर जीप भोकरदनच्या अलीकडेच बंद पडली.

"काटा तर फुल्ल दाखवून राह्यला!" आजोबा बॉनेट उघडत म्हणाले.

उषा आतून ओरडली, "दादा, त्या काट्याला काय बघतो? टाकीत काडी घाल जल्दी!"

काडी कोरडी निघाली. पुढे बैलगाडीने गेलो.

तू टेबलावर ठेवलेल्या दोन फ्लोटांपैकी लांब दांडीचा नको. तुझ्या गाडीची टाकी उथळ आहे, दांडी तळाला टेकेल. दुसरा मीटरला जोड, हाताने वर-खाली कर आणि काटा बरोबर फिरला तरच टाकीत बसव. रविवारी तुझ्या बहिणीला, तृप्तीला, बाळंतपणासाठी याच गाडीतून आणायचं आहे.

भाकरी झाकून ठेवली आहे. मी अंबडला जाते.

जीप भंगारात गेली. उषा पुन्हा आजोबांच्या गाडीत बसली नाही. बैलगाडीत जन्मलेला तिचा बबलू एसटी चालवतो. आज त्याच्याच बसने चालले आहे. आजोबा शेवटपर्यंत काडी घालूनच टाकी बघत. ती काडी तुझ्या पान्यांच्या डब्यात ठेवली आहे.

आजी