विझलेला कंदील

भोसरी, शुक्रवार संध्याकाळ, १९५८

चार दिवस शेणाच्या टाकीतून गॅस येत नाही, म्हणून पुन्हा चूल पेटवली. ह्यांनी टाकीचं झाकण काढलंय. उद्या आत उतरून गाळ काढणार. जुन्या विहिरीत सोडतात तसा सासऱ्यांनी दोराला बांधून कंदील आत सोडला. हातभर खाली जाताच विझला.

"खाली हवा न्हाई. उतरू नगंस," मामंजी म्हणाले.

"वाऱ्यानं विझला, आबा," म्हणून हे हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

आणि कसला वारा? माझ्या चुलीचा धूर छपरावरून सरळ वर जात होता. मी पाहिला ना? पाहिलाच. अगदी सरळ.

शिडी मी कडब्यात लपवलीय. पण हे ओट्यावर बसून त्याच दोराला हात-हात अंतरावर गाठी मारतायत.