शिसं उतरल्यावर

ग्वेल्फ,
२० नोव्हेंबर २०१६

ती. सुहासिनीवन्सं यांना वीणाचा वाकून नमस्कार.

फोन करायला हात शिवशिवतो, पण तुमचं कानातलं यंत्र आणि माझा आवाज यांचं काही जमत नाही, म्हणून हा कागद. तुम्ही ओटावात एकट्या, त्यात तिकडची थंडी. पायऱ्यांवर बर्फ वितळवायचं मीठ टाकायला कोणी येतं ना? स्वतः फावडं घेऊन बर्फ शोव्हल करायला जाऊ नका. डॉक्टर होतात म्हणून हाडं पोलादाची होत नाहीत.

इकडे पहिला स्नो पडून वितळलासुद्धा. गाडीला विंटर टायर्स चढले. मृणाल दर शनिवारी मिसिसागाहून येते, ग्रोसरी आणते आणि मला न विचारता माझा फ्रिज साफ करते. लेकीचं प्रेम असं असतं, काय करणार.

आता मूळ मुद्द्यावर येते. तुमच्या भावाचं काहीतरी बिनसलंय. गॅरेजमधला त्यांचा उद्योग तुम्हाला ठाऊक आहेच. रिटायर झाल्यावर शेजारच्या वॉल्टरने त्यांना शूटिंग क्लबात नेलं आणि तेव्हापासून हे खूळ शिरलं. गाड्यांच्या चाकांना तोलासाठी लावतात ती जुनी शिशाची वजनं वितळवायची, साच्यात ओतून बंदुकीच्या गोळ्या पाडायच्या. मग प्लास्टिकच्या डब्यात रंगीत पावडर घालून त्या खुळखुळवायच्या, पावडर चिकटली की माझ्या जुन्या टोस्टर ओव्हनमध्ये भाजायच्या. ज्या ट्रेमध्ये मी नानकटाई केली, त्यात आता लाल-निळ्या गोळ्या चकाकत बसलेल्या असतात. याला पावडर कोटिंग म्हणतात म्हणे. बरं, मारायचं तर कागदाच्या चकतीवर. बेसमेंटमध्ये कोळी निघाला तर हाक मलाच.

हसून सोडून देत होते. पण गेल्या आठवड्यात यांनी बाहेर ठेवलेली, बर्फाने ओली झालेली शिशाची लगड सरळ वितळलेल्या शिशात टाकली. वन्सं, सगळं भांडं उडालं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले, हात मात्र कोपरापर्यंत भाजला. ज्या माणसाने उभा जन्म फाउंड्रीत काढला, नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवलं की पाणी आणि पातळ धातू यांची गाठ पडू द्यायची नाही, त्याने हे करावं? मी विचारलं तर म्हणाले, लक्षात राहिलं नाही.

एवढंच नाही. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. आमटी अळणी झाली म्हणून परवा ताट सारलं. लग्न झाल्यापासून कधी आवाज चढवला नव्हता या माणसाने. पोटात कळा येतात, इसबगोलने भागत नाही, आणि हातातून भांडं निसटतं. मृणाल म्हणते, आई, हे डिमेन्शिया आहे, मेमरी क्लिनिकला नाव घाल आणि आधी त्या बंदुका घराबाहेर काढ. त्यातच यांच्या बंदुकीच्या लायसन्सचा रिन्यूअलचा फॉर्म आलाय, त्यावर बायकोची सही लागते. सही केली तर बंदुका घरात राहतात, नाही केली तर मी यांना वेडं ठरवलं असं होतं. रोज पेन उचलते आणि ठेवते. माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत निसटत चाललाय असं वाटतं आणि भीतीने झोप उडते.

काय करू ते लिहा. तुमची माया आहेच, ती या थंडीत गोठू देऊ नका.

तुमची,
वीणा

*

ओटावा,
२८ नोव्हेंबर २०१६

चि. वीणास सुहासिनीचे पोटभर आशीर्वाद.

पायऱ्यांवर मीठ पडतं, काळजी नको. पत्र दोनदा वाचलं. रडण्याआधी मी सांगते ते कर.

म्हातारपण हे काही निदान नाही, तो डॉक्टरचा आळस असतो. पोटात कळा, बद्धकोष्ठ, हाताचा जोर गेलेला, चिडचिड, विसराळूपणा. हे सगळं एका माणसात एकदम दिसलं असतं, तर नोकरीत असताना मी पहिला प्रश्न विचारला असता की बाबा रे, तू काम कशात करतोस? आपला नंदू शिशात काम करतो. उद्याच्या उद्या फॅमिली डॉक्टरकडे जा आणि रक्तातलं शिसं तपासायला सांग. ते आपणहून तपासणार नाहीत, रिटायर्ड इंजिनियर बघून कोलेस्टेरॉल काढतील.

आता तो म्हणेल की पावडर कोटिंग केलं की शिशाला हातच लागत नाही. त्याला म्हणावं, भाजून झाल्यावर लागत नसेल, पण भाजायच्या आधी काय करतोस? शिशावरची राख काढताना, उघड्या गोळ्या साच्यातून काढताना, डबा हलवताना हात कुठे असतात? आणि खरा प्रश्न पुढेच आहे. तो तंबाखू खातो ना अजून? मला फसवू नकोस. बाबांच्या चंचीतून पहिली चिमूट चोरून त्याने माझ्यासमोर मळली होती. शिशाने माखलेला डावा तळवा, त्यावर तंबाखू, त्यावर चुना, उजव्या अंगठ्याने चांगलं घोटायचं आणि सरळ ओठात. इकडच्या डॉक्टरला हे स्वप्नातसुद्धा सुचायचं नाही. तो फक्त विचारणार, सिगरेट ओढता का? आणि आमचे बंधुराज छाती काढून सांगणार, कधीच नाही.

फॉर्मवर सही करू नकोस आणि भांडूही नकोस. रिपोर्ट येईपर्यंत बंदुका वॉल्टरकडे ठेवा, त्याचं लायसन्स आहे. मृणालला म्हणावं, आत्या अजून जिवंत आहे, जरा दम धर.

तुमच्यावरचा जीव कागदावर मावत नाही, तरी पाठवते.

सुहासिनी

*

ग्वेल्फ,
१५ जानेवारी २०१७

ती. वन्सं यांना वीणाचा नमस्कार, आणि यावेळी पायांवर डोकं ठेवून.

तुमचंच खरं निघालं. रिपोर्ट आला त्याच दिवशी डॉक्टरांनी स्वतः फोन केला. रक्तात इतकं शिसं त्यांनी त्यांच्या प्रॅक्टिसमध्ये पाहिलं नव्हतं. दवाखान्यात मी यांच्यासमोरच तंबाखूचं सांगून टाकलं, तळहातावर मळून दाखवलं. डॉक्टर बिचारे बघतच राहिले. यांचा चेहरा असा झाला की जणू मी भर मराठी मंडळात यांची पगडी उडवली.

मृणाल झाली तेव्हाच मी घरात तंबाखू बंद केली होती. हे म्हणतात, तू घरात म्हणालीस, गॅरेज म्हणजे घर नव्हे. म्हणजे मी दार लावलं आणि हे जाऊन नेमके शिशाच्या राशीत बसले. आता बोलून काय उपयोग? आधी यांनी वाद घातला, हो. कोट केलेली गोळी पांढऱ्या रुमालावर घासून दाखवली, बघ, डाग पडतो का? डाग नव्हता. मग मी तोच रुमाल यांच्या डाव्या तळव्यावर फिरवला. करडा झाला.

वॉल्टरने भट्टी, साचे, बंदुका सगळं नेलं. मास्क लावलेली माणसं येऊन गॅरेज धुऊन गेली. पावडरचे डबे नेताना हे दारात उभे होते, मला बघवलं नाही. आता औषध चालू आहे. तंबाखूऐवजी वेलदोडा चघळतात आणि दिवसभर घुश्शात असतात.

वन्सं, लोक ऐकतील तर शेण घालतील तोंडात, पण नवऱ्याच्या रक्तात विष सापडलं म्हणून मी देवापुढे साखर ठेवली. विष उतरवता येतं ना! म्हातारपण कोण उतरवणार? डॉक्टर म्हणाले, शिसं खाली येईल, मेंदूला किती फरक पडेल ते आत्ता सांगता येत नाही. मी वाक्याचा पुढचा भाग कानाआड केला. मृणालला सांगितलं, मेमरी क्लिनिक राहू दे. तुझे बाबा परत येणार आहेत.

तुम्ही नसता तर मी या माणसाला हकनाक घालवला असता. असंच पाठीवर हात ठेवून असा.

तुमची,
वीणा

*

ग्वेल्फ,
१० सप्टेंबर २०१७

ती. ताईस नंदूचा नमस्कार.

बऱ्याच वर्षांनी तुला पत्र लिहितोय. अक्षराला हसू नकोस, खाडाखोड झाली तर समजून घे. कच्चं लिहून मग उतरवतोय.

आधी चांगली बातमी. शिसं उतरलं. परवाच्या रिपोर्टवर डॉक्टर खूश आहेत. पोट ठीक आहे, हातात जोर आला, बरणीचं झाकण मीच उघडतो. चिडचिड गेली असं वीणा म्हणते. चंची सुटली, तिची आठवण सुटत नाही. वेलदोड्याने तल्लफ भागत नाही, स्वतःच्या घरात पाहुणा आल्यासारखं तेवढं वाटतं.

आता दुसरं. फाउंड्रीत ओतकाम तडकलं की आम्ही आधी बाहेरचं कारण शोधायचो. साचा ओला होता का, धातू जास्त तापला का? ती सगळी कारणं दूर करूनही पुन्हा तडा गेला, तर मग धातूतच खोट आहे असं मानायचं. ताई, माझं तसं झालंय. शिसं गेलं आणि विसरणं राहिलं.

लायब्ररीतून परत येताना ओळखीच्या चौकात गाडी उभी राहिली, डावीकडे वळायचं की उजवीकडे ते कळेना. मागचे लोक हॉर्न देत होते. शेवटी एका कॉलेजच्या मुलीला विचारलं, तिने फोनमध्ये बघून सांगितलं. त्यानंतर मी गाडी चालवलेली नाही. वीणाला म्हणतो, चालणं तब्येतीला बरं. आणि एकदा मला वीणाचं नाव सापडेना. ती समोर पोळ्या लाटत होती. मी तिच्या पाठीकडे बघत उभा राहिलो, नाव आलं तेव्हा हाक मारली, आणि हाक कशाला मारली ते सांगता येईना म्हणून पाणी मागितलं.

लायसन्सचा फॉर्म तसाच होता, मी तो भरणार नाही. वॉल्टरला म्हटलं, बंदुका विकून टाक. तो म्हणाला, अरे, तू बरा झालास ना? मी म्हटलं, म्हणूनच. डोकं जागेवर असतानाच या गोष्टी कराव्यात.

अडचण वीणाची आहे. ती मंडळात, फोनवर, सगळ्यांना सांगते की हे अगदी पहिल्यासारखे झाले. तिचा तो चेहरा बघितला की माझी जीभ उचलत नाही. मला माझ्यासाठी भीती वाटते त्यापेक्षा तिच्यासाठी जास्त वाटते. तू डॉक्टर आहेस, तुझा शब्द ती मानते. तू तिला लिही. जपून लिही.

लहानपणी माझी भांडणं तू निस्तरायचीस, तसं हे एवढं कर. माझ्यावर माया ठेव, आणि मी विसरलो तर मला ती आठवून दे.

तुझा,
नंदू

*

ग्वेल्फ,
८ ऑक्टोबर २०१७

ती. वन्सं यांना वीणाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. किती जपून लिहिलंत! डॉक्टर असून एकही अवघड शब्द घातला नाहीत. किती वेळा थांबून लिहिलंत ते अक्षरावरून कळलं, आणि मला तुमचीच काळजी वाटली.

वन्सं, मला ठाऊक आहे. यांनी तुम्हाला जीभ उचलत नाही असं लिहिलं म्हणता, ते यांच्या लेखी खरंच आहे. पण हे मला सांगून झालेत. पहिल्यांदा उन्हाळ्यात सांगितलं. टीव्ही बंद केला, खुर्ची ओढून समोर बसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "वीणा, शिसं उतरलं, पण माझं विसरणं राहिलंय." मी तोंडाला पदर लावून रडले. यांनी माझे डोळे पुसले, चहासुद्धा केला. सकाळी उठून नेहमीसारखे पेपर वाचत बसले. मला वाटलं, मला त्रास नको म्हणून विषय काढत नाहीत.

मग पुन्हा एकदा तशीच खुर्ची ओढली. तोच हात, तेच वाक्य. माझ्या ओठांवर आलं होतं की अहो, हे तुम्ही सांगितलंत मला. पण यांच्या तोंडाकडे बघितलं आणि गिळलं. किती दिवस मनाची तयारी करत होते कोण जाणे. तेवढं धैर्य गोळा करून आलेल्या माणसाला, हे तर झालंय, असं कसं म्हणायचं? मी पुन्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. रडणं काही मुद्दाम आणावं लागलं नाही. त्यानंतरही हे चालूच आहे.

मंडळात मी हे बरे झाले म्हणून सांगते, ते हे ऐकत असतात म्हणून. मृणालला सगळं माहीत आहे. तिने मेमरी क्लिनिकची तारीख घेतलीय आणि मला एका शब्दाने बोल लावला नाही, उलट कुशीत शिरून रडली. मी देवापुढे साखर ठेवली होती, ती काही परत मागितली नाही. हाताचा जोर दिला, राग काढून घेतला, तेवढं तरी देवाने केलं. उरलेलं मी निभावीन.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. यांना लिहा की वीणाला हे मी कळवणार नाही, तुझं तूच सांग. सांगून झालं की हे फार हलके होतात, रात्री शांत झोपतात. ते सुख मला यांच्याकडून काढून घ्यायचं नाहीये. हे पुन्हा सांगतील. मी पुन्हा ऐकेन.

तुमची माया आम्हा दोघांवर अशीच असू द्या.

तुमची,
वीणा