आई घोडीची शेपटी का विंचरते

७ एप्रिल, सोमवार
म्हणायला एजे, म्हणजे ताई, आणि वर तोंड करून मलाच सांगते, कलिपा एजे, भांडी जरा हळू घासा, मुलांना विचार करता येत नाही! बावीस वर्षं या शाळेत स्वयंपाक करतेय. इतकी पोरं जेवून मोठी झाली, कुणाचा विचार माझ्या भांड्यांनी अडला नाही. या नुरझातबाईला राजधानीतून, बिश्केकहून येऊन वर्ष नाही झालं. तिचा वर्ग स्वयंपाकघराला लागून, मध्ये वाढायची खिडकी, सगळं ऐकू येतं. शिकवते काय, तर गोष्ट वाचायची आणि तिच्यावर परिच्छेद लिहायचा. आधी आपलं म्हणणं, मग गोष्टीतला पुरावा, मग त्यातून काय कळलं. एवढ्याला वर्ष! मूल तोंड उघडतं न उघडतं तोच हिचं सुरू: कशावरून? मी सासूला एकदा जरी असं विचारलं असतं तर आज माहेरी असते.
माझी अकिलाय तिच्याच वर्गात. १२ मेला बिश्केकच्या मोठ्या शाळेची परीक्षा आहे. एका गोष्टीवर एक परिच्छेद. जमला तर पोरगी तिथं राहून शिकणार, नाही तर इथंच माझ्यासारखी. या बाईवर सोडून चालणार नाही. मी स्वतः शिकवणार. सहावीपर्यंत शिकलेय, पुष्कळ झालं.

११ एप्रिल, शुक्रवार
आजची गोष्ट: मुलगी उद्या शहरात जाणार. आई सकाळभर घोडीची शेपटी विंचरतेय, मुलीकडे बघत नाही. तंबूत आजोबा एकदा खोकतात. संपली. याला गोष्ट म्हणतात!
बाईनं विचारलं, आई शेपटी का विंचरते? मला राहवेना. खिडकीतून ओरडले, गुंता झाला असेल म्हणून! पोरं खिदळली. बाई म्हणते, एजे, कशावरून? म्हटलं, घोडी आहे बाई, शेपटीत गुंता होणारच, त्याला साक्षीदार आणू का? तर म्हणे, पण मुलीच्या जाण्याच्या आदल्या दिवशीच का?
मी खिडकी लावून घेतली. बटाटे करपत होते. म्हणजे करपले असते.

१६ एप्रिल, बुधवार
शिकवणी सुरू. जेवणानंतर, स्वयंपाकघरात. सात मुलं आली. कणकेचे तळलेले बोर्सोक ठेवले होते, पण ती माझ्या शिकवण्यासाठीच आली.
पद्धत माझी. मेंढी कापली की कुठलं हाड कुणाच्या ताटात ते ठरलेलं. सगळ्यात मोठ्याला पहिलं, मग वयाप्रमाणे, सुना शेवटी. परिच्छेदाचंही तसंच. गोष्टीत वयानं मोठं कोण ते शोधा, पहिला मान त्याला. मग उतरत या. शेवटी हात पसरून आशीर्वाद, आणि उठा. एर्मेकनं विचारलं, एजे, म्हातारा वाईट असला तर? म्हटलं, म्हणून त्याचं हाड दुसऱ्याला देतोस का रे? पटलं त्याला. बाईला वर्षात जमलं नाही ते मी बोर्सोक संपायच्या आत केलं.
अकिलाय आली नाही. म्हणाली, आई, गणिताचा जादा तास आहे. बुधवारी गणित नसतं.

२३ एप्रिल, बुधवार
प्रगती जोरात. एर्मेकनं पानभर लिहिलं. अकरा बोर्सोक खाल्ले.
अकिलाय शाळा सुटल्यावर बाईपाशी बसते. काय बोलता म्हणून विचारलं, तर म्हणे, गोष्टीबद्दल. अजून तीच गोष्ट! चघळून चघळून चोथा केला असेल.
मोठ्या कढया घासायला काढल्या आहेत. सुट्टीच्या आधी व्हायलाच हव्यात. संध्याकाळी पोरगी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, आई, जरा बसतेस माझ्याजवळ? म्हटलं, दिसत नाही का, हात राखेनं भरलेत.

२९ एप्रिल, मंगळवार
सराव परीक्षा झाली. नुरझातबाई सात कागद घेऊन स्वयंपाकघरात आली आणि वाचायला लागली. सातही परिच्छेद आजोबांवर. ‘आजोबा घरात सर्वांत मोठे आहेत. त्यांचा खोकला भारदस्त आहे.’ शेवटी सगळ्यांनी घोडीला दीर्घायुष्य आणि मुलीला सात मुलगे मागितले होते. बाई म्हणाली, एजे, आई कुठाय? अहो, गोष्ट तिची आहे! म्हटलं, सासरा समोर बसलेला असताना सुनेचं आधी लिहायचं? कुठल्या घरातली रीत ही?
बाई बटाट्याच्या पोत्यावर बसली, तोंडावर हात, खांदे हलताहेत. रडतेय समजून चहा ओतला. हसत होती भवानी! चहा मात्र प्यायली. म्हणाली, एर्मेकनं निदान पुरावा तरी दिलाय, खोकल्यावरून त्याला कळलं की आजोबांनी खूप सोसलंय.
म्हणजे माझ्या हाताखाली पोरं पुरावा द्यायला लागली. हे तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं.

१२ मे, सोमवार
परीक्षा. मी गेले नाही, तीन कढया राहिल्या होत्या. निघताना पोरीला बजावलं, मोठ्यांना आधी. हो आई, म्हणाली. आवाजावरूनच कळलं, तसं लिहिणार नाही.

१९ मे, सोमवार
अकिलाय पास! जागा मिळाली! मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर नुरझातबाईचे आभार मानले. मी खिडकीतून दुसरं एक नाव मोठ्यानं सुचवलं. त्यांना ऐकू आलं नाही.
मग बाईनं अकिलायची सरावाची वही आणून दिली. बोट ठेवून ठेवून वाचली. लिहिलंय: ‘शेपटीत गुंता नाही. कालच धुऊन विंचरली होती, असं गोष्टीत दिलं आहे. तरी आई विंचरत राहते, कारण तिला मुलीची वेणी घालायची आहे आणि तसं म्हणता येत नाही. ज्यांना बोलता येत नाही, ते काम काढतात.’
कालच विंचरल्याचं मी ऐकलंच नव्हतं. भांड्यांचा आवाज होता ना.
बाईला विचारलं, काम काढतात म्हणे, कशावरून? ती भिंतीला टांगलेल्या कढयांकडे बघत राहिली. सगळ्या लखलखीत.

२० मे, मंगळवार
सकाळीच नुरझातबाईला गाठलं. म्हटलं, त्या बिश्केकच्या शाळेत मुलं जेवतात ना? मग कुणीतरी रांधत असेल. स्वयंपाकीण हवीय का विचार. नसेल तर वाढायला. तेही नसेल तर भांडी घासायला, आणि सांग त्यांना, हळू घासते. अकिलायचा याच्याशी काही संबंध नाही, तिला बोलू नकोस. मला इथला कंटाळा आलाय, बस. ती तोंड उघडणार तेवढ्यात म्हटलं, कशावरून विचारायचं नाही. हो की नाही, गुरुवारपर्यंत सांग.