कापलेलं मूळ

बाई,

उटीच्या कुरणातलं आपलं ते पिवळ्या फुलाचं झाड एका वर्षात मरणारं नाही, दर वर्षी त्याच मुळातून पुन्हा फुटणारं आहे, हे आज सकाळी वनस्पतिसंग्रह सांभाळणाऱ्या गृहस्थांनी नक्की केलं. मी आमच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीतल्या लेखासाठी तिथं गेले होते. वाळवलेलं झाड चिकटवलेल्या कागदावर, चिठ्ठीत तुमच्या अक्षरात 'वर्षायू', म्हणजे एका वर्षात मरणारं, असं आहे. त्यांनी तो माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "मूळ ब्लेडनं कापलंय, अम्मा. कोणी केलं हे?" इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारून वेळेत बातमी देत आले, आज वहीत त्यांचाच प्रश्न उतरवून घेतला.

ब्लेड माझंच होतं. कॉलेजच्या सहलीत, तुम्ही सोबत नसताना, ते झाड मी खणून काढलं. वाटोळी पानं जमिनीला बिलगलेली, पाकळ्या तुपाचा हात फिरवल्यासारख्या चकचकीत, आणि खाली अंगठ्याएवढं गाठाळ मूळ. झाड दाबून वाळवायच्या फळ्यांमध्ये ते बसेना, वर्तमानपत्र फाटायला लागलं. मी मूळ छाटलं, चार तंतू ठेवले. अजून डोळ्यांपुढे आहे: मद्रासला परतल्यावर प्रयोगशाळेत तुम्ही कागद उलटताय. चिडलात की तुमची तंजावरी मराठी तमिळमध्ये शिरते. "वेर एंगे? मूळ कुठं ग? उटीलाच ठेवून आलीस काय?"

"एवढंच होतं, बाई."

तुम्ही विश्वास ठेवलात. त्या चार तंतूंवरून ते वर्षायू ठरवून, नवं झाड सापडलं म्हणून टिपण लिहिलंत, तज्ज्ञांपुढे वाचलंत, आणि हे तर नेहमीचंच झाड म्हणत तिथं तुमचं हसं झालं. दुसऱ्या दिवशी ट्राममधून उतरून थेट वर्गात आलात. "चूक माझी. मी स्वतः जाऊन खणायला हवं होतं." त्यानंतर तुमच्याकडे कुणी टिपण मागितलं नाही.

कॉलेज सुटताना तुम्ही मला तुमचं भिंग दिलंत. "नीट बघत जा," म्हणालात. मी ते बक्षीस समजले. आज तेच भिंग त्या मुळावर धरलं. कापाची कड अगदी सरळ आहे. तुम्हाला ती दिसली नसेल?

संग्रहात जुनी चिठ्ठी काढत नाहीत, शेजारी नवी चिकटवतात. म्हणजे तुमचं 'वर्षायू' तिथंच राहणार. झाड आणणारीचा खुलासा असेल तर सोमवारी द्या, तोही लावतो, असं ते म्हणाले. मी तीन ओळी लिहून ठेवल्यात. त्यांत अजून 'मूळ तुटलं' असंच आहे, 'मी कापलं' असं नाही. मधे उद्याचा रविवार आहे.