अण्णांना वसईला नेऊ नये

मी, खाली सही करणार, सौ. रखमाबाई हरेश्वर राऊत, वय अडुसष्ट, धंदा घरकाम व बागायत, राहणार नरपड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझा जन्म ह्याच घरात झाला तेव्हा जिल्हा ठाणे होता. मी जागची हलले नाही, जिल्हाच हलला. गेल्या दिवाळीपासून तर तलासरीकडची जमीनही हलू लागली आहे आणि इथे माझ्या फडताळातली भांडी आपोआप वाजतात. त्याआधी श्रावणात माझ्या हृदयाने एकदा दगा दिला होता. तेव्हा कागद करून ठेवलेला बरा.

मसुदा डहाणूचे वकील श्री. दिपक माच्छी यांनी तपासला आहे. त्यांनी बरंच काही गाळायला सांगितलं. मी गाळलेलं नाही, कारण हा कागद वाचला जाईल तेव्हा मला मध्ये बोलता येणार नाही.

कलम १. माझे यजमान श्री. हरेश्वर जगन्नाथ राऊत हयात आहेत. वकील म्हणाले, कायद्याच्या कागदात 'आमचे हे' चालत नाही, नाव लिहावंच लागेल. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण उखाण्याशिवाय त्यांचं नाव घ्यायची ही पहिलीच वेळ. एकदा घेतलं, पुरे झालं. ह्यापुढे सगळा गाव म्हणतो तसं अण्णा असंच लिहीन.

कलम २. नरपडचं राहतं घर आणि त्याला लागून असलेली चिकूची वाडी माझ्या वडिलांनी मला दिली व ती माझ्या एकटीच्या नावावर आहे. मला भाऊ नव्हता, म्हणून अण्णा चिंचणीहून ह्या घरात घरजावई होऊन आले. त्यावरून गावाने त्यांना जे जे ऐकवलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि वाडीत कलमं बांधत बसले. आज वाडीतली बहुतेक झाडं त्यांच्या हातची आहेत. सबब, माझ्या पश्चात घरात राहण्याचा आणि वाडीच्या वहिवाटीचा पूर्ण हक्क अण्णांना त्यांच्या हयातीपर्यंत राहील. तोवर घर किंवा वाडी कोणी विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये, आणि अण्णांना त्यांच्या मर्जीविरुद्ध वसईला नेऊ नये. अण्णांच्या पश्चात हे सर्व आमचा मुलगा चि. प्रितेश याचं.

'वसई' ह्या शब्दाखाली वकिलांनी लाल रेघ मारली. माणसाला कुठे न्यावं, कुठे न्यावं नाही, हे मृत्युपत्रात येत नाही म्हणाले. इतरांच्या येत नसेल.

कलम ३. वरील कलमाचं कारण. प्रितेश आमचा एकुलता एक, वसईला चौथ्या मजल्यावर राहतो, नोकरी चांगली आहे आणि मनाने वाईट नाही. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा तो ओट्यावर बसून म्हणाला, "आई, तुझ्यामागे अण्णांचं कसं होणार? त्यांना साधा चहा करता येत नाय. मी त्यांना घेऊन जाणार आणि हे सगळं काढून टाकणार." तो हे मायेने बोलला, ते मला कळलं. पण अण्णा मागे एकदा वसईला राहिले होते तेव्हा त्यांनी सोसायटीच्या आवारातलं जास्वंद कुणालाही न विचारता छाटलं. छाटणी उत्तम झाली होती, तरी सेक्रेटरीने बोलावून घेतलं. त्यानंतर अण्णा खिडकीत बसून राहिले आणि जेवेनासे झाले. घरी आणल्यावर ते आधी वाडीत गेले आणि मग घरात आले. असा माणूस चौथ्या मजल्यावर टिकत नाही.

चहाबद्दल प्रितेश म्हणाला ते मात्र खरं आहे. अण्णांना चहा येत नाही, वरण येत नाही, भात लावता येत नाही. अण्णांना पास्ता येतो. हे वाचून कोणी माझ्या शुद्धीबद्दल शंका घेऊ नये, म्हणून पुढचं कलम लांबलं आहे.

कलम ४. माझं स्वयंपाकघर, त्यातली शेगडी, सर्व भांडी, पाटा-वरवंटा, विळी, परात आणि पोळपाट मी अण्णांना देते. कसं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुमारास आमची सून सौ. मयूरी हिला सातवा महिना लागला आणि ती काही दिवस आमच्याकडे राहायला आली. डोहाळे म्हणून आंबटचिंबट मागेल असं मला वाटलं होतं. तिला हवा होता पास्ता, तोही पाकिटातला नको, घरी केलेला ताजा. सुनेने पहिल्यांदाच तोंड उघडून काही मागितलं होतं. मी म्हटलं, त्यात काय आहे, मैद्याच्या पट्ट्या तर करायच्या. ह्यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

आम्ही पडलो भाताची माणसं. आमच्याकडे पीठ म्हणजे तांदळाचं, आणि तांदळाच्या पिठाची भाकरी करायची तर आधी उकड काढावी लागते. ते हाताला इतकं भिनलेलं आहे की मी पातेल्यात पाणी उकळलं, मीठ घातलं, त्यात मैदा ओतला आणि घाटला. मैद्याची उकड काढली. मैदा उकळत्या पाण्यात घाटला की काय होतं, हे पतंगवाल्या कोणत्याही पोराला विचारावं. खळ झाली. तरीही मी ती थापून, कापून, टोमॅटोच्या रश्शात सोडली. मयूरीने माझं मन राखायला एक घास गिळला आणि मोरीकडे धावली.

नेमकी त्याच वेळी माझ्या चुलतभावाची बायको सुनितावहिनी कुंपणाशी उभी होती. उरलेला लगदा तिची नातवंडं घेऊन गेली आणि त्यांनी त्याने पतंग चिकटवले. त्या संक्रांतीला त्यांचा एकही पतंग फाटला नाही, हेही ती गावभर सांगत फिरली. रखमाने सुनेला खळ खाऊ घातली, ही बातमी हळदीकुंकवाला माझ्याआधी पोचली होती. वर ती म्हणाली की डोहाळा अपुरा राहिला तर बाळाचा कान फुटतो. बाकी सगळं मी हसून नेलं असतं. हे मला लागलं. मी महिला मंडळात जाणं सोडलं आणि घरात गप्प राहू लागले.

तोवरच्या त्रेचाळीस वर्षांत अण्णा स्वयंपाकघरात आले ते पाणी प्यायला. त्या आठवड्यात ते मयूरीचा मोबाइल घेऊन आले. त्यात एक विलायती म्हातारी मैद्याच्या ढिगात खळगा करून अंडी फोडत होती आणि काहीतरी बोलत होती, ज्यातलं आम्हा दोघांना एक अक्षर कळत नव्हतं. अण्णांनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं आणि माझ्याकडे परात मागितली. पाणी घालू का, असं मी विचारलं, तर म्हणाले की ती म्हातारी घालत नाही. आधी पाणी तरी तापवते म्हटलं, तर त्यांनी मला बाहेर ओट्यावर जाऊन बसायला सांगितलं. माझ्याच स्वयंपाकघरातून.

पहिला गोळा दगडासारखा झाला. आमच्या वाडीत कामाला येणारी गंजाडची रूपी अंडी आणून देते, ती गावठी, लहान. वाटीभर मैद्याला एक पुरेना, दीड लागतं, हे कळायलाही दोन गोळे गेले. मग पट्ट्या लाटल्या तर त्या लाटणं उचललं की परत आक्रसायच्या. मी दाराआडून सांगितलं की जोर लावा. अण्णांनी जोर लावला नाही. गोळ्यावर ओलं फडकं टाकलं आणि वाडीत निघून गेले. म्हणाले, "कलम बांधल्यावर कोणी ओढून बघतं काय? त्याला बसू दे." परत येऊन लाटलं तर कणीक ऐकू लागली. आमचं लाटणं आखूड पडतं म्हणून त्यांनी वाडीतल्या पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा घासून धुऊन घेतला. त्याने लाटलेल्या पोळीखाली वर्तमानपत्र धरलं तर बातमी वाचता येत होती. ती पोळी पीठ भुरभुरून गुंडाळली आणि कलमं करायच्या सुरीने एकसारखी कापली. त्या सुरीला त्यांनी मला तोवर कधी हात लावू दिला नव्हता, आणि ती माझ्या पोळपाटावर चालत होती.

पट्ट्या सुकायला अण्णांनी अंगणातल्या दोरीवर टाकल्या, स्वतःच्या लेंग्याशेजारी. सुनितावहिनीने कुंपणावरून विचारलं, "अण्णांनी नाड्यांचा धंदा काढला काय?" तेव्हापासून आमच्या घरात ह्या पदार्थाला नाड्या म्हणतात. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात नाड्या जरा वेळ सोडायच्या, वर टोमॅटो, लसूण आणि भाजलेला सुका जवळा. जवळा त्या म्हातारीचा नव्हता, तो अण्णांचा.

हे सगळं जमेपर्यंत दोनेक महिने गेले आणि तोवर मयूरी बाळंतपणासाठी तलासरीला माहेरी गेली होती. अण्णा एका डब्यात नाड्या आणि दुसऱ्यात जवळा घेऊन एसटीने तिथे गेले आणि विहीणबाईंना म्हणाले की जरा आधण ठेवता का. व्याह्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी नाड्या उकळल्या. मयूरीने दोनदा मागून घेतल्या. पुढच्याच आठवड्यात आमची नात जुई झाली. तिचे दोन्ही कान ठणठणीत आहेत, फक्त ती ऐकत कोणाचंच नाही.

अण्णांनी हे सगळं कशासाठी केलं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते तलासरीहून परत आले आणि मला म्हणाले की आता मंडळात जायला हरकत नाही. मी गेले.

कलम ५. प्रितेशचं वरचं बोलणं अण्णांनी आतून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी खाटेवर पडून असताना त्यांनी सगळ्यांना नाड्या करून वाढल्या, मला बिनमिठाच्या. प्रितेश जेवला आणि शेवटी म्हणाला, "चांगलं आहे अण्णा, पण रोज हेच खाणार काय?" अण्णा म्हणाले, "तुझी आय रोज भात करते. तिला विचारलंस कधी?"

मयूरी हसली आणि म्हणाली की अण्णा इथेच बरे आहेत. प्रितेशने मान हलवली. पण त्याची मान मला लहानपणापासून माहीत आहे, ती हलते आणि विसरते. म्हणून हा कागद. आणि म्हणूनच ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्याचा अधिकार मी प्रितेशला न देता सौ. मयूरी हिला देते. प्रितेशने ह्याचा राग मानू नये. बायको आहे तुझीच.

कलम ६. माझ्या बांगड्या व मोहनमाळ मयूरीला. बँकेतली ठेव जुईच्या शिक्षणाला. रूपीला माझी जांभळी पैठणी द्यावी. नाड्या पहिल्यांदा पाहून रूपी म्हणाली होती की हे खायचं की बांधायचं, आणि मग दोन ताटं खाल्ली होती. पैठणी मुलीच्या लग्नाला ठेवू नकोस, स्वतः नेस.

कलम ७. माझे दिवस साधेपणाने करावेत. दहाव्याला पिंडाशेजारी अण्णांच्या हातच्या दोन नाड्या ठेवाव्यात. कावळा शिवला नाही तर माझी काही इच्छा राहून गेली असं समजू नये. कावळ्याला सवय नाही, एवढंच.

कलम ८. सुनितावहिनीला माझी आठवण म्हणून मैद्याची ताजी खळ एक वाटी द्यावी, असं मी आधी लिहिलं होतं. परंतु ह्या कागदावर साक्षीदार म्हणून मी तिलाच घेतलं आहे, कारण तिला कळलेली गोष्ट ह्या तालुक्यात कोणालाही दडपता येत नाही. वकील म्हणाले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळालेलं चालत नाही. सबब, खळ रद्द.

कलम ९. एवढं लिहून झाल्यावर मी कागद अण्णांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "लिहिलंस चांगलं. पण तूच आधी जाणार हे कोणी ठरवलं?"

वकीलही तेच म्हणाले. अण्णा माझ्याआधी गेले तर काय, हे कलम घालावंच लागतं. त्यांनी त्यासाठी जागा सोडायला सांगितली होती. मी पेन घेऊन बसले आणि उठले, असं बरेच दिवस चाललं. आता लिहिते.

तसं झालं तर घर, वाडी, सगळं प्रितेशने लगेच घ्यावं आणि त्याला वाटेल ते करावं. ह्या घरात अण्णांशिवाय मला राहता येणार नाही. मी रडले तरी ऐकू नका, मला वसईला घेऊन जा. चौथा मजला चालेल.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करून पुरं केलं. ह्यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

(सही) रखमाबाई हरेश्वर राऊत

साक्षीदार:
१. (सही) डॉ. रूपेश वामन चुरी, डहाणू. बाईंना मी तपासलं असून त्या पूर्ण शुद्धीत आहेत.
२. (सही) सुनिता मधुकर सावे, नरपड. मी सगळं वाचलं आहे. खळीचंही.

स्थळ: नरपड, ता. डहाणू
दिनांक: ११ मार्च २०१९