भाऊबंदाचा वाटा

१० जानेवारी १९३२
होटगी स्टेशनात उतरलो, चार कोस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेतली आणि बोरकुरणला पोचलो. सरकारी कुरणाचा गार्ड म्हणून ही माझी पहिलीच नेमणूक. चौकी म्हणजे एक खोली, एक दार. पण पत्रा नवा आहे. विहीर दोनशे पावलांवर, गाव तिच्याही पलीकडे. वच्छलेनं चूल मांडायच्या आत मेंढरंवाल्या मायाप्पाची बायको तानाबाई दुधाचा तांब्या घेऊन हजर! आमच्या दहा महिन्यांच्या रंभेला तिनं मांडीवर घेतलं ते सोडायलाच तयार नाही. पाटील कोंडीबा मला हुरड्याला घेऊन गेला. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला इथं मी एकटाच, त्यामुळे सगळे माना डोलावून ऐकतात. मला ते आवडतं, लपवून काय करू?

१३ जानेवारी
गावात एकच विषय: लांडगे परत आले. बारा वर्षं इकडे एकही नव्हता, शिकाऱ्यांनी साफ केले होते म्हणे. आता माळावर जोडी दिसते आणि मायाप्पाची तीन मेंढरं गेली. गाव बोंबलत उठेल असं वाटलं होतं, तर तानाबाईनं शिवेवर जाऊन चक्क भाकरतुकडा ओवाळून टाकला, घरी पाहुणा आल्यासारखा. मायाप्पा सांगतो की लांडगा त्यांचा भाऊबंद. मूळच्या वाटणीत एका भावाला मेंढरं मिळाली, दुसरा उपाशी राहिला, तो लांडगा झाला. म्हणून वर्षाला एक कोकरू त्याच्या वाट्याचं. माणसांतली भाऊबंदकी पुरेना म्हणून आता जनावरांतही! मी पोट धरून हसलो. तोही हसला.

१७ जानेवारी
आज चावडीवर बोलावणं आलं. बिळात पिल्लं झाली आहेत, आता एका कोकरावर भागायचं नाही. पण गावच्या हातानं ती मारता येत नाहीत. "भावाचं रगात हाय, सायेब," असं मायाप्पा म्हणाला. परक्या हाताला चालतं. एवढंच ना? त्यानं आधी मला भंडारा उचलायला लावला: बिळाचा जो काही दोष असेल तो माझ्या घरावर, गावाच्या कळपावर नाही. मी हळदीची मूठ भरून खणखणीत आवाजात बोललो. जमलेल्यांनी सुस्कारा टाकला.
मग ओढ्याकाठच्या बिळाच्या तोंडाशी गोवऱ्या, कडबा आणि मिरच्या पेटवल्या आणि धूर आत ढकलला. पाच पिल्लं. डोळे नुकते उघडले होते. शेवटच्याला फार वेळ लागला, आतून माती खरवडत होतं. गाववाले लांब, पाठ करून उभे होते. वच्छलेनं रात्री रंभेला घेऊन अंथरूण लांब घातलं. भित्री भागूबाई आहे.

२० जानेवारी
मेंढरांना आता काही होत नाही. जोडी भर उन्हात चौकीसमोर बसते, माझ्या दाराकडे तोंड करून. कळप शेजारून जातो तरी मान वळवत नाही. दगड मारला की चार पावलं सरकते आणि पुन्हा बसते. मला हे मुळीच आवडलेलं नाही.
तानाबाई रोज येऊन रंभेला तेल लावून न्हाऊ घालते. आज पोरीच्या मापाची इवलीशी घोंगडी घेऊन आली. वच्छला हरखून गेली. एवढी माया कशापायी, असं मी थट्टेनं विचारलं. तर म्हणाली, "लेकराला वाटंत गारवा नगं." कुठली वाट, असं विचारल्यावर रडायला लागली.

२२ जानेवारी
मायाप्पाला गाठलं. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. पाच पिल्लं घेतली, आता घेणाऱ्याच्या घरचं एक लेकरू द्यायचं; त्याशिवाय जोडी हलायची नाही. भंडारा उचललात म्हणजे हे तुम्हाला ठाऊकच असणार, असं तो अगदी सरळ तोंडानं म्हणाला. मागे एका खडी फोडणाऱ्यानं दिलं होतं. तो पुढं लई वरसं सुखानं जगला म्हणे.
मी अंगावर धावून गेलो, शिव्या दिल्या. साहेबांना पत्र लिहून कोंडीबाच्या हाती दिलं. गाडी मागितली, तर बैल लंगडतोय म्हणाला.

२३ जानेवारी
पोरीला पाठीशी बांधून दोघं पायी निघालो. शिवेवर सगळं गाव काठ्या घेऊन उभं. कुणी अंगाला हात लावला नाही, वाट तेवढी दिली नाही. कोंडीबाच्या पागोट्यात माझ्या पत्राचं पाकीट — न फोडलेलं. मागे वळलो तर जोडी वाटेत बसलेली. चौकीपर्यंत पाठोपाठ आली. तिला घाई नव्हती.

२५ जानेवारी
पाणी संपलं. जोडी विहिरीवर बसते. कुऱ्हाड घेऊन गेलो — त्यांनी माझी मांडी फाडली. घागर तिथंच राहिली. वच्छलेचं दूध आटलं. पोर आता रडत नाही, नुसते ओठ हलवते.

२६, दुपार
तानाबाई दाराशी आली आहे. पाणी आणलंय म्हणते. घोंगडीत गुंडाळून द्या, म्हणते. लांडगे तिच्या पायाशी — ती त्यांना भावजी म्हणते —

थोड्या वेळानं
पोर वाचणार नाहीच. अंग तापलंय. तिघांनी मरण्यापेक्षा — शिकलेला माणूस मी, भावनेच्या भरात — वच्छला तरुण आहे, पुढं आणखी होतील —
ती दाराला पाठ लावून उभी आहे. पोर पोटाशी. माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं.
बाहेर कोंडीबाही आलाय, फटीतून विचारतो, बाईसाहेबांना धरायला आत येऊ का.
मी हो म्हणालो.
एवढं लिहून होऊ दे, कडी मी काढतो म्हटलं. वच्छले, हे तू कधी वाचलंस तर — घागर फटीतून दिसते, काठोकाठ भरलेली — मी आधी पोरीलाच पाजणार होतो, देवाशपथ, आधी दोन घोट तिला, मग —