ठिपकीचा हेअरबँड

४ मे, सोमवार

प्रिय घारू,

तुझं पत्र मिळालं. आई काठी घेऊन का होईना, पण दारापर्यंत चालल्या हे वाचून बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांनी विचारलंच तर सांग, जावई उपाशी नाही, भात आता खालून लागत नाही आणि ठिपकीच्या वेण्याही सरळ येतात. एक वर आणि एक खाली असते अशी शेजारच्या काकूंची तक्रार आहे, पण त्यांनाच चष्म्याची गरज आहे.

फोनवर मला नीट बोलता येत नाही. तुझ्या मागे सगळं माहेर बसलेलं असतं, तू नुसतं ‘हं, हं’ करतेस, मग मीही ‘हं’ करतो आणि ठेवून देतो. म्हणून लिहितो. आठवीपर्यंत शिकलो त्याचा एवढा तरी उपयोग. चुका राहू नयेत म्हणून आधी कच्चं लिहून मग उतरवतो. तेव्हा पत्राला उशीर झाला तर रागावू नकोस.

लाँड्रीत काम भरपूर आहे. परवा एक गिऱ्हाईक कोट घेऊन परत आलं. म्हणे कोपराला भोक होतं ते कुठे गेलं, तुम्ही माझा कोट बदललात. मालक म्हणाले, “बदलला नाही साहेब, आमच्या पोराने रफू केलाय. भिंग देतो, शोधा.” तो खरंच शोधत बसला. सापडलं नाही. तो गेल्यावर मालक मला म्हणतात, “अरे, थोडं तरी दिसू देत जा. लोकांना वाटतं आपण नुसती इस्त्री मारली.”

आता शाळांचं. तू सांगितलेल्या पहिल्या दोन्ही पाहून आलो. पहिलीच्या फाटकावर ‘प्रत्येक मूल आमचं’ अशी मोठी पाटी आहे. आतल्या बाईंनी ठिपकीच्या कानाकडे पाहिलं आणि विचारलं, “हे काय?” मी म्हणालो, ऐकायचं मशीन आहे, त्याने तिला बरंच ऐकू येतं, फक्त समोरून बोलावं लागतं. त्या म्हणाल्या, “आमच्या शिक्षिकांना तशी सवय नाही हो. उगाच मुलीचंच नुकसान.” आवाज इतका गोड होता की बाहेर येईपर्यंत मला कळलंच नाही की नाही म्हणाल्या. दुसरीकडे ‘कळवतो’ म्हणाले. तिथे रांगेतल्या एका मुलाने आईला विचारलं, “तिच्या कानात काय आहे?” आईने त्याला ओढून आपल्या पलीकडे उभं केलं. ठिपकीने ते पाहिलं. तिला ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं.

काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, “पोर सोन्यासारखी आहे. तू कशाला कान दाखवत फिरतोस? आधी आत घुसव, मग बघू.” काकूंचं असंच असतं.

गुरुवारी तिसऱ्या शाळेत जायचं आहे, पाण्याच्या टाकीजवळच्या. मशीनवाल्या डॉक्टरांनी तुला सांगितलेली तीच. तिथे एका वर्गात नेहमीच्या बाई आणि जोडीला आणखी एक बाई असतात, आपल्या ठिपकीसारख्या मुलांसाठी. तिथे सगळं आधी सांगायचं, हे तू तीनदा लिहिलं आहेस. लक्षात आहे.

तिच्यासाठी निळ्या कापडाचा रुंद हेअरबँड शिवतो आहे. फ्रॉकला अगदी जुळेल.

तुझा

*

९ मे, शनिवार

प्रिय घारू,

आईंना नमस्कार. आनंदाची बातमी फोनवर सांगितलीच, तरी लिहितो. ठिपकीला टाकीजवळच्या शाळेत प्रवेश मिळाला.

परीक्षा अशी नव्हती. अंगणात वाळू, लाकडी ठोकळे आणि पाण्याचा टब ठेवला होता. मुलांना मोकळं सोडलं आणि बाई जमिनीवर बसून नुसत्या बघत होत्या. ठिपकीने ठोकळ्यांचा मनोरा केला. एका मुलाने तो पाडला, तर रडायचं सोडून त्याच्या तोंडाकडे बघून हसली. मोठ्या बाई स्वतः तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या. नाव विचारलं, तिने स्पष्ट सांगितलं. रंग विचारले, तेही सांगितले. मोठ्या बाई म्हणाल्या, “मुलीचं लक्ष फार चांगलं आहे. डोळ्यांत बघून उत्तर देते.”

हेअरबँडचं सगळ्यांनी कौतुक केलं.

जोडीच्या बाईंचं तू विचारलं होतंस. त्या आहेत. चेहऱ्यावरून मायाळू वाटतात.

बाकी सगळं ठीक. तू काळजी करू नकोस, आईंकडे बघ.

तुझा

*

२० जून, शनिवार

प्रिय घारू,

आईंना नमस्कार. हे पत्र मात्र त्यांना वाचून दाखवू नकोस. आधी एकटीने वाच.

बुधवारी फोनवर तू विचारलंस, जोडीच्या बाई ठिपकीला रोज किती वेळ घेऊन बसतात. मी म्हणालो, बराच वेळ. तू म्हणालीस, “बघ, मी म्हणत नव्हते?” तुझ्या आवाजात इतकं समाधान होतं की मला पुढचं बोलवलं नाही. घारू, जोडीच्या बाई ठिपकीकडे येत नाहीत. त्या शेजारच्या वर्गात असतात. ठिपकी दुसऱ्या वर्गात आहे, उंच आहे म्हणून मागच्या बाकावर.

कारण शाळेला माहीतच नव्हतं.

हेअरबँड मी मशीन झाकायला शिवला होता. पहिल्या पत्रात मी कापडाचा रंग लिहिला, हे लिहिलं नाही. दोन शाळांत तिचा कान बघून लोकांचे चेहरे कसे बदलले ते तू पाहिलं नाहीस. पाट्या तर सगळीकडेच लावतात. मला वाटलं, हीही तसलीच. एकदा आत गेली की पुढचं पुढे.

पण एवढंच नाही. कानावर कापड आलं की मशीन शिट्टी मारतं, तुला ठाऊक आहे. मी आतून जाळीचं अस्तर लावून पाहिलं, कापड सैल करून पाहिलं. शिट्टी थांबेना. त्या गुरुवारी शाळेच्या कोपऱ्यावर पोचलो तरी ती बारीक शिट्टी येतच होती, आणि पुढे चाललेल्या एका बाईने वळून पाहिलं. मी खाली बसलो, हेअरबँड सारखा केल्यासारखं दाखवलं आणि मशीन बंद केलं. आवाज गेला की ठिपकी आधी आपलं तोंड बघते, आपण काही बोलतोय का म्हणून. तशी बघत राहिली. मी हसलो. मग तीही हसली.

म्हणजे त्या सकाळी तिने जे काही केलं ते नुसत्या डोळ्यांनी केलं. नाव आणि रंग मी तिच्याकडून आरशासमोर घोकून घेतले होते. कोणत्या ओठांना कोणतं उत्तर, ते. कौतुक ऐकताना मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. लाज नंतर आली.

आणि मला विचारलं नाही असंही नाही. मोठ्या बाईंनी मला बाजूला नेऊन विचारलं, “मुलीबद्दल आम्हाला काही माहीत असायला हवं का? आत्ताच सांगितलंत तर सोयीचं पडतं.” मला वाटलं, नाकारायला सोयीचं. मी म्हणालो, “नाही. खातेपिते, हसतेखेळते.”

एकदा नाही म्हटल्यावर मशीन दाखवणार कुठल्या तोंडाने? म्हणून शाळा सुरू झाल्यापासून रोज फाटकाच्या अलीकडे मशीन बंद करायचो आणि सुटल्यावर कोपऱ्यावर चालू करायचो. रोज ठरवायचो, उद्या सांगू. तुला लिहायला बसायचो आणि आईंच्या पायाची चौकशी करून पत्र फाडून टाकायचो.

परवा वर्गाच्या बाईंनी बोलावलं. ठिपकी कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीकडे बघत बसली होती. बाई म्हणाल्या, “फार हट्टी आहे हो. घंटा झाली, सगळी मुलं आत आली, ही वाळूतच. मागून किती हाका मारल्या. शेवटी दंड धरला, तर किंचाळली आणि मला चावली.” त्यांनी मनगट दाखवलं. दात उमटले होते. “घरी लाड जास्त होतात का?”

मी म्हणालो, “होतात थोडे.”

तेव्हासुद्धा मी एवढंच म्हणालो, घारू. माझी मुलगी शिक्षा भोगत समोर बसली होती आणि मी म्हणालो, होतात थोडे.

तिला घेऊन बाहेर पडलो तर वाटेत शेजारचा वर्ग लागला. दार उघडं होतं. पुढच्या बाकावर एक मुलगा, कानाला लाल मशीन, त्यावर मांजराचं चित्र चिकटवलेलं. त्याच्याजवळ जोडीच्या बाई. वर्गात काहीतरी गोष्ट चालली होती, आणि कोणालाही बोलायचं असलं की ते मूल आधी हात वर करून हलवायचं. मग तो मुलगा तिकडे वळायचा, मग ते मूल बोलायचं. कोणी सांगत नव्हतं. एक पोरगी हात न करता बोलली, तर तिच्या शेजारचा तिला म्हणाला, “ए, त्याला बघू दे की.” बस, एवढंच. ठिपकी माझं बोट सोडून दारात जाऊन उभी राहिली. कोण हात वर करतं तिकडे तीही वळत होती.

मी तिला तिथेच ठेवून मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मी विचारलं होतं तुम्हाला.”

“विचारलं होतंत,” मी म्हणालो.

“डॉक्टरांनी आम्हाला आधीच कळवलं होतं, मशीन लावणारी एक मुलगी येईल म्हणून. नाव विचारायचं राहिलं. आम्ही तिच्यासाठी जागा ठेवली होती. त्या सकाळी कोणाच्याही कानाला मशीन दिसेना. मला वाटलं, आईबापांनी विचार बदलला. तरी थांबलो. मग यादीतल्या पुढच्या मुलाला दिली.”

पुढचा म्हणजे तो मांजराचं चित्र लावलेला मुलगा. त्याची जागा काही मी मागू शकत नाही. मागावीशी वाटली, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

आता असं ठरलं आहे. पुढच्या वर्षी जागा रिकामी झाली तर ठिपकीचा पहिला हक्क. तोवर मधल्या सुट्टीनंतर जोडीच्या बाई थोडा वेळ तिच्याकडे येतील, आणि तिला पुढच्या बाकावर बसवतील. वर्गाच्या बाईंना कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, “मी तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं हो.” सोमवारपासून मशीन उघडं ठेवायचं आणि मोठ्या बाई मुलांना सगळं समजावून सांगणार. मोठ्या बाईंची एकच अट आहे, यापुढे झाकायचं नाही.

ती अट ठिपकीला मान्य नाही.

काल आणि आज शाळेत पाठवली नाही. आज सकाळी वेण्या मागे बांधल्या, मशीन चालू केलं आणि सवय व्हावी म्हणून तसंच तिला काकूंकडे न्यायला निघालो. दारात ती थांबली. आत पळाली आणि हेअरबँड घेऊन आली. डोक्यावर चढवला, बोट आत घालून चाचपडत मशीन बंद केलं. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. मग माझ्यासमोर उभी राहिली आणि मान आधी एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. दिसतंय का, ते मी बघावं म्हणून. रोज फाटकाशी मी तेच बघत होतो ना.

मी हेअरबँड काढायला गेलो तर दोन्ही हातांनी कान दाबून धरले. रडली नाही. माझ्याकडे असं बघत होती, जसं काही बाबाच विसरला आहे आणि आता तिलाच आठवण करून द्यायची आहे. मी बोलत राहिलो, पण मशीन बंद होतं. माझे ओठ तिने नीट वाचले असतील, तरी ओठांपेक्षा रोजच्या हातांवर तिचा विश्वास जास्त.

आईंना सोडून ये, असं मी म्हणणार नाही. त्यांना तुझी गरज आहे. पण तिला काहीतरी लिही. चित्र काढून पाठव, तुला येतं. तिचंच काढ, वेण्या मागे आणि मशीन चांगलं मोठं काढ, कानावर, कोणालाही लांबून दिसेल असं. मी शिकवलेलं ती फार पक्कं शिकली आहे. ते तिच्याकडून काढून घ्यायला मी पुरणार नाही, तू लागशील.

मला जे लिहायचं ते नंतर लिही. आधी तिचं पाठव.

तुझा, तू माझा म्हणशील तर,
ठिपकीचा बाबा